पांढरा साका

येलदरीच्या पाण्यावर पहाटे चारला
धुरपताबाई तराफा सोडते.
थर्माकोलचे चार तुकडे, वर पोतं, पोत्यावर मी,
मांडीत काचेच्या सहा बाटल्या
आणि जिंतूरच्या कॉलेजातून सही करून आणलेला थर्मामीटर.

काल दुपारी सावलीत चव्वेचाळीस होतं.
पाणी अजून कोमट,
चुलीवरून उतरवायचं कुणी विसरलं असावं.

ती वल्हं थांबवते. "ऐका."
चुप्. चुप्. चुप्.
अंधारात शेकडो तोंडं पाण्याच्या कातडीला लागलेली.
रोहू असतील, कटला असतील.
मरळ मासा यांत नसणार,
तो सरळ हवा गिळतो, त्याचं त्याला पुरतं.

"पहाटंलाच कामून?"
तीस वर्षं जाळं टाकलेली बाई विचारते,
माझी तोंडी परीक्षा घेतल्यासारखी.
मी सांगतो, दिवसा शेवाळ हवा देतं,
रात्री स्वतःच घेत बसतं, ऊन निघेपर्यंत.
"म्हंजे दुकान बंद, अन् गिऱ्हाईक दारात,"
ती म्हणते. पुढचं मी शिकवत नाही.

दोरीला बाटली बांधून सोडतो.
वर एकतीस अंश.
दोरी संपते तिथं सव्वीस.
मग हे सगळे खाली का जात नाहीत गारव्याला?
जातात.
जाऊन परत येतात.
खाली गारवा आहे, पण श्वास घ्यायला काही नाही.
वर थोडा श्वास आहे, त्यात ताप मिसळलेला,
आणि तापलेल्या अंगाला श्वास जास्तच लागतो.
मधे राहते पुरुषभर पाण्याची एक पट्टी.
सगळं धरण त्या पट्टीत येऊन उभं.

"ठावं हाय मला," धुरपताबाई म्हणते,
"जाळं मी तितंच लावते.
औंदा मासा लई घावला. अन् बारका घावला."
जरा वेळानं, पाण्याकडं बघत,
"पाप हाय का ओ, सर?"

मला उत्तर येत नाही, म्हणून मी
दुसऱ्याच माशाची गोष्ट काढतो.
पृथ्वीच्या पार तळाला बर्फाचा समुद्र आहे,
तिथं एक मासा आहे, रक्ताला रंगच नसलेला.
"रगत पांढरं?"
पाण्यासारखं. तिथलं पाणी इतकं गार
की त्यात हवा भरपूर मुरलेली असते.
लाल रंगाची गरजच उरली नाही,
पिढ्यान्‌पिढ्या तो टाकत गेला, विसरून गेला.
आता तो समुद्रही हळूहळू तापायला लागलाय,
आणि त्याहून गार जागा पुढं नाही.

"मंग काय करतो त्यो?"
काळीज मोठं असतं त्याचं, मी म्हणतो, खरंच,
अंगाच्या मानानं फार मोठं.
धुरपताबाई वल्हं पाण्यात घालते.
"काळजाला काय चाटायचंय. हवा पायजे."

काठावर उजाडलं. गुडघ्यावर वही.
प्रत्येक बाटलीत एका रसायनाचे थेंब, मग दुसऱ्याचे.
हवा असेल तर साका तपकिरी धरतो.
पहिली बाटली तपकिरी. दुसरी फिक्या चहासारखी.
तिसऱ्या-चौथीबद्दल आम्ही दोघं वाद घातला.
पाचवी पांढरी.
सहावी पांढरीशुभ्र.

"दुधावानी," ती म्हणाली,
आणि बाटली उजेडाकडं धरून
बराच वेळ हलवत राहिली,
जणू हलवून काही होईल.
"त्या तुमच्या माशाचं रगत आसंच?"
नाही बाई, त्याचं रक्त बिनरंगी होतं,
कारण हवा भरपूर होती.
हे पांढरं उलटं आहे.

तिचा पुतण्या लिंबाजी तोवर
मोटारसायकलवरून बर्फाची लादी घेऊन आला.
पोत्यात घालून फोडली, टोपलीत पसरली,
वर मासे ओतले.
तेवढा गारवा त्यांना या उन्हाळ्यात
पहिल्यांदाच मिळाला.

मी वहीत लिहिलं: आठ मीटर, शून्य.
तारीख घालायची राहिली होती,
ती धुरपताबाईला विचारून घातली.